खऱ्या माणसाचें तोतयेपण

पानिपतच्या १७६१ सालच्या संहारानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला, त्यानें कोंकणांत बंड उभारलें आणि १७७६ सालीं त्याला देहान्त शासन झालें, ही हकीगत मराठी वाचकांस ठाऊक आहे. 'तोतया' हा शब्द उच्चारतांच आपल्या मनापुढें जो मनुष्य उभा राहतो तो असा: जें आपण नाहीं तें आहों असें सांगणारा, आणि पकडला जाईपर्यंत खुशाल मिरविणारा. परंतु याच्या अगदीं उलट जातीचाही एक तोतया जगांत आहे. तो खरोखरीच भाऊ असतो. मिळालेला मान त्याच्या हक्काचा असतो. साक्षीपुरावे सारे त्याच्या बाजूचे असतात. आणि तरीही त्याला रात्रंदिवस एकच धास्ती असते कीं, आज ना उद्यां आपलें बिंग फुटणार. पहिल्या तोतयाचा न्याय करणें सोपें आहे. दुसऱ्याला त्याच्या धास्तींतून कोणीं व कसें सोडवावयाचें, आणि तो ज्याला आपला विनय म्हणतो त्याला नीतिविचारांत कोणतें स्थान द्यावयाचें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय मला सुचला तो घरांतल्याच एका प्रसंगावरून. माझी एक भाची महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकविते. शाळेपासून पहिला क्रमांक तिनें सहसा सोडला नाहीं. तिच्या संशोधनाचें चीज परदेशांतही झालें. चार वर्षांपूर्वीं विभागाचें प्रमुखपद रिकामें झालें, तेव्हां तें तिनें स्वीकारावें अशी सर्वांची इच्छा होती. तिनें नकार दिला. "माझ्यापेक्षां लायक माणसें आहेत," एवढेंच ती म्हणाली. तें ऐकून घरांतील वडील मंडळींना धन्यता वाटली. एवढी शिकली, पण अंगीं गर्व म्हणून नाहीं, असें जो तो म्हणूं लागला. आणि मींही तिच्या पाठीवरून हात फिरवून तिला शाबासकी दिली. पुढें कांहीं महिन्यांनीं एका संध्याकाळीं ती मजपाशीं मोकळेपणानें बोलली. "मामा, तुम्हीं सगळ्यांनीं ज्याला विनय म्हटलें ना, ती भीति होती. त्या खुर्चीवर बसलें असतें तर मला कांहीं येत नाहीं हें आठ दिवसांत उघडकीस आलें असतें." मीं तिला तिच्या पदव्यांची, पारितोषिकांची आठवण दिली. ती म्हणाली, "एका वर्षीं प्रश्न सोपे निघाले. दुसऱ्या वेळीं परीक्षक दयाळू होते. बाकीचें सगळें रात्रीं जागून केलेलें. हुशार माणसाला रात्रीं जागावें लागतें का?"

मजपाशीं या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. उलट, आपण ज्याला शाबासकी दिली तो सद्गुण नव्हताच, ही जाणीव मला टोंचूं लागली. त्या पदावर दुसरे जे गृहस्थ आले ते वाईट नव्हते. पण विभागांतील मुलींना जी बाई पुढें हवी होती ती मागच्या बांकावर बसून राहिली. या नुकसानीची नोंद कोठेंही झाली नाहीं, कारण आम्हीं सर्वांनीं मिळून तिला विनय असें गोंडस नांव दिलें होतें.

चौकशी करतां असें आढळलें कीं, ही व्यथा माझ्या भाचीची एकटीची नाहीं. अमेरिकेंत अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठांतील पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसोपचारक विदुषींनीं १९७८ सालीं कर्तबगार स्त्रियांच्या या भावनेवर एक निबंध प्रसिद्ध केला. पांच वर्षांच्या अवधींत दीडशेंहून अधिक स्त्रियांशीं त्यांचा संबंध आला होता. कोणी आपल्या विषयांत डॉक्टरेट मिळविलेल्या, कोणी व्यवसायांत मान पावलेल्या, कोणी बुद्धिमत्तेबद्दल नांवाजलेल्या विद्यार्थिनी. यांतील अनेकींची खात्री होती कीं, आपली निवड ही निवड करणारांच्या हातून झालेली चूक आहे. क्लान्सबाईंना या भीतीची ओळख इतरांकडूनच झाली होती असें नाहीं. स्वतः शिकत असतांना परीक्षेच्या वेळीं त्यांनाही हीच धास्ती ग्रासून टाकीत असे. या अवस्थेला त्यांनीं 'इम्पॉस्टर फिनॉमेनन' असें नांव दिलें. आपण तिला तोतयेपणाची भावना म्हणूं. पुढें लोकांनीं तिला 'सिन्ड्रोम' म्हणून रोगांच्या पंक्तीला बसविलें. परंतु अमेरिकेंतील मानसविकारांच्या अधिकृत सूचींत तिचा समावेश नाहीं. ती पुरुषांतही आढळते, असें पुढील संशोधनांत दिसून आलें.

या भावनेचें मूळ त्या दोघींना बहुधा बाळपणच्या घरांत सांपडलें. हीं घरें दोन प्रकारचीं. पहिल्या घरांत हुशारीची जागा आधींच भरलेली असते: भाऊ हुशार किंवा बहीण हुशार, ही आपली मायाळू, समजूतदार, माणसांत मिसळणारी. मुलगी शाळेंत कितीही गुण मिळवो, घरानें एकदां वांटून दिलेली भूमिका बदलत नाहीं. घराचा निर्णय खोटा ठरविण्यासाठीं ती जन्मभर झटते, आणि मनांतून तोच खरा मानते. दुसऱ्या घरांत उलट प्रकार. तेथें मुलगी सर्वगुणसंपन्न ठरलेली असते. तिला सर्व कांहीं येतें आणि तेंही विनासायास येतें. पुढें एखादें गणित सुटत नाहीं, एखादा धडा तीन वेळां वाचावा लागतो, तेव्हां तिला वाटतें कीं, ज्या अर्थीं श्रम पडले त्या अर्थीं आपली हुशारी खोटी; घरच्यांची आपण फसवणूक करीत आहों. रात्रीं जागण्याविषयीं माझ्या भाचीनें विचारलेला प्रश्न या दुसऱ्या घरांतला, आणि तें घर आमचेंच होतें. लहानपणीं पाहुण्यांपुढें तिला उभी करून 'हिला अभ्यास करावा लागतच नाहीं' असें मीं स्वतः किती वेळां सांगितलें असेल, याची गणती नाहीं.

एकदां हें बीज रुजलें कीं त्याला यशाचेंच खत मिळत जातें. काम अंगावर आलें कीं आतां फजिती होणार ही भीति. भीतीपोटीं गरजेहून अधिक मेहनत. मेहनतीचें फळ म्हणून यश. आणि यशानंतर दोन दिवसांचा आनंद. तिसऱ्या दिवशीं मन म्हणतें, काळजी केली म्हणून निभावलें. अशा रीतीनें काळजी हीच एक उपासना होऊन बसते. ती मोडली तर दैव कोपेल असें वाटूं लागतें. आपल्याकडे देखण्या मुलाला दृष्ट लागूं नये म्हणून आई त्याच्या गालावर तीट लावते. या स्त्रिया आपल्या यशाला स्वतःच्या हातानें तीट लावीत असतात, आणि लावतां लावतां ती तीट हाच आपला चेहरा असें समजूं लागतात. आणखी एक गोष्ट त्या निबंधांत नमूद आहे. वरिष्ठांच्या मताशीं आपलें मत जुळवून घेणें, सभेंत मतभेद गिळून टाकणें, समोरच्याच्या आवडीनिवडी ओळखून त्याची मर्जी संपादणें, हे मार्गही या स्त्रिया अवलंबितात. मग स्तुति झाली तरी ती आपल्या खऱ्या मताची झाली नाहीं हें त्यांना ठाऊक असतें. आणि तोतयेपणाच्या शंकेला लागणारा पुरावा त्या स्वतःच पुरवीत राहतात.

अशा स्त्रीला उपचारकानें काय सांगावें? सामान्य मनुष्य म्हणेल, 'बाई, तुम्ही हुशार आहां, उगीच घाबरूं नका.' हा उपाय पूर्वीं शेंकडों वेळां झालेला आणि वायां गेलेला असतो. स्तुति परतवून लावण्यांत ही स्त्री निष्णात असते. उपचारकानें स्तुति केली तर फसलेल्यांच्या यादींत आणखी एका नांवाची भर पडते, इतकेंच. म्हणून क्लान्स आणि आइम्स यांनीं अशा स्त्रियांना एकत्र बसविण्यावर भर दिला. प्रत्येकीनें आपलें गुपित वर्षानुवर्षें एकटीनें सांभाळलेलें असतें. समोरची बाई तेंच गुपित आपल्या तोंडानें सांगूं लागली कीं, तिच्या बाबतींत तें किती असंभाव्य आहे हें ऐकणारीला ताबडतोब दिसतें. दुसरीचा निवाडा करतांना तिचा विवेक शाबूत असतो. बिघाड फक्त स्वतःच्या खटल्यापुरता आहे, हें तेथें उमगतें. दुसरा उपाय वहीचा: कोणीं काय प्रशंसा केली आणि ती आपण कोणत्या युक्तीनें नाकारली, हें टिपून ठेवावयाचें. तिसरा उपाय कल्पनेचा: ज्यांना आपण फसविलें असें वाटतें, त्या गुरूंना, परीक्षकांना, वरिष्ठांना मनानें समोर बसवावयाचें, 'मीं तुम्हांला अमुक रीतीनें फसविलें' असें प्रत्येकाला सांगावयाचें, आणि मग त्याचें उत्तर त्याच्या वतीनें मोठ्यानें बोलावयाचें. शेवटीं काळजीच्या उपासनेलाच हात घालावयाचा. कामापूर्वीं अपयशाचा जप सोडून 'हें मला जमेल' असें म्हणून पाहावयाचें, आणि दैव कोपतें कीं काय याचा अनुभव घ्यावयाचा.

यांतील तिसऱ्या उपायाच्या मुळाशीं एक मोठा नैतिक विचार आहे असें मला वाटतें. मीं सर्वांना फसविलें, असें म्हणणारी स्त्री स्वतःला कमी लेखते असें आपण समजतों. पण या वाक्याला दुसरी बाजू आहे. ज्या अध्यापकानें तीस वर्षें विद्यार्थी पारखले, त्याला पारख नाहीं, ज्या परीक्षकांनीं तिचा प्रबंध ओळ न् ओळ वाचला, ते आंधळे, सहकारी भोळे, विद्यार्थी अजाण, खरें काय तें एका हिलाच कळतें! विनयाच्या पोटीं केवढा हा अविश्वास! अर्थात् ती हें अहंकारानें म्हणत नाहीं, भीतीनें म्हणते. परंतु परिणाम तोच. तिच्याविषयीं प्रामाणिकपणें साक्ष देणाऱ्या प्रत्येक माणसाला ती खोटा किंवा मूर्ख ठरविते. उपचारक तिला या साक्षीदारांपुढें उभी करतो, तेव्हां तो तिची प्रौढी वाढवीत नाहीं. इतरांच्या शब्दाला किंमत द्यावयास शिकवितो.

विनय म्हणजे आपल्या योग्यतेहून आपल्याला कमी लेखणें, ही समजूत आपल्यांत इतकी मुरली आहे कीं तिची तपासणी करणेंही उद्धटपणाचें वाटतें. जुन्या विचारवंतांनीं मात्र ती केली आहे. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या पुस्तकांत माणसांचे प्रकार सांगितले आहेत. मोठ्या मानास पात्र असून स्वतःला तसें मानणारा तो थोर मनाचा. पात्र नसून मानणारा तो पोकळ गर्विष्ठ. आणि पात्र असून न मानणारा तो कोत्या मनाचा. या शेवटच्या माणसाला तो दुष्ट म्हणत नाहीं. पण चुकलेला म्हणतो, आणि गर्वापेक्षांही हा दोष थोरपणाच्या अधिक विरुद्ध आहे असें सांगतो. त्याचें कारण विचार करण्यासारखें आहे: असा मनुष्य आपण अपात्र आहों या समजुतीनें चांगल्या कृत्यांतूनच अंग काढून घेतो. अर्थात् हें लिहितांना ॲरिस्टॉटलच्या डोळ्यांसमोर पुरुषच होते. तथापि रिकाम्या खुर्चीपासून मागें सरणाऱ्या माझ्या भाचीचें वर्णन याहून नेमकें कोणीं केलें असेल असें वाटत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, हा ग्रीक अभिमान आपल्या मातीला मानवणारा नाहीं. गीतेनें ज्ञानाचीं लक्षणें सांगतांना अमानित्वाला पहिलें स्थान दिलें आहे. तें खरें आहे. पण त्याच गीतेच्या सोळाव्या अध्यायांत दैवी संपत्तीचे जे गुण मोजले आहेत, त्यांचा आरंभ अभयानें होतो आणि शेवट नातिमानितेनें. हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. जेथें अभय नाहीं तेथील नम्रता ही नम्रता नसून लपण्याची जागा होय. शिवाय शब्द 'नातिमानिता' असा आहे. अतिमान नसावा, एवढेंच त्यांत सांगितलें आहे. जो मान सत्याला धरून आहे तोही टाकावा, असें सांगितलेलें नाहीं. सत्य हाही त्याच यादींतील एक गुण आहे. स्वतःविषयीं खोटें बोलून कोणी विनयी होऊं शकत असेल, तर विनय आणि सत्य यांचा विरोध मानावा लागेल, आणि तो कोणत्याही धर्मशास्त्राला परवडणार नाहीं.

तथापि एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळतां येण्यासारखा नाहीं. ही भावना सर्वस्वी त्या स्त्रीच्या मनांतली आहे काय? २०२१ सालीं रुचिका तुलश्यान आणि जोडी-ॲन बरी यांनीं 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्यें लेख लिहून असें बजाविलें कीं, स्त्रियांना ही व्याधि जडली आहे असें सांगत राहणें आतां पुरें. ज्या कामाच्या ठिकाणीं त्यांना पदोपदीं परकें वाटावयास लावलें जातें, तीं ठिकाणें दुरुस्त करा. क्लान्स आणि आइम्स यांनीं पाहिलेल्या बहुतेक स्त्रिया गोऱ्या व सुस्थितींतल्या होत्या, हेंही येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे. ज्यांच्याकडे वर्णामुळें, जातीमुळें किंवा गरिबीमुळें दारांतच संशयानें पाहिलें जातें, त्यांची धास्ती म्हणजे भ्रम नव्हे. तो अनुभव आहे. आपल्याकडचीच साक्ष काढावयाची तर रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणी पाहाव्या. पति शिकवीत होता, आणि शिकल्याबद्दल घरांतील बायकांचीं बोलणीं त्यांना खावीं लागत होतीं. ज्या घरांत बाईनें आपली हुशारी दाखविली कीं तिला दंड होतो, तेथें ती हुशारी लपवूं लागली तर नवल नाहीं. आणि पुष्कळ दिवस लपविलेली वस्तु कोठें ठेविली हें ठेवणारालाही आठवेनासें होतें. त्या दोन विदुषींनींही, आत्मविश्वास दाखविणाऱ्या स्त्रीला समाज जो दंड करतो त्याची गणना या भावनेच्या कारणांत केलेली आहे.

म्हणून उपचारकाचें काम मी फार मर्यादित समजतों, पण त्या मर्यादेंत फार मोलाचें समजतों. कचेरींतील अन्याय तो दूर करूं शकत नाहीं. परंतु अन्यायाची सर्वांत यशस्वी युक्ति अशी कीं, तो आपला निकाल त्याच माणसाच्या मुखानें वदवून घेतो. बाहेरच्यानें 'तूं अपात्र आहेस' म्हटलें तर त्याच्याशीं भांडतां तरी येतें. तेंच वाक्य आंतून येऊं लागलें कीं भांडावयास कोणी उरत नाहीं. उपचारक हे दोन आवाज वेगळे करून दाखवितो. माझ्या मनांतली कोणती शंका माझ्या कामाविषयींची आहे आणि कोणती दुसऱ्यानें माझ्या ठिकाणीं ठेव म्हणून ठेविली आहे, हें एकदां कळलें म्हणजे पहिलीवर उपाय करतां येतो आणि दुसरी ज्याची त्याला परत देतां येते. त्या स्त्रीला स्वस्थ करून पुन्हां त्याच अन्यायाच्या जुंवाला जुंपणें एवढाच उपचाराचा हेतु असेल, तर मात्र वरील आक्षेप संपूर्ण खरा आहे.

याहूनही खोल असा एक प्रश्न शिल्लक राहतो. समजा, तिला आपली योग्यता पटली. सर्व हिशेब चुकता झाला. मग पुढच्या अपयशानें तो पुन्हां उलटणार नाहीं काय? ज्या घरांत 'हिला सर्व येतें' असें म्हणत होते, तेथें मुलीवर प्रेम नव्हतें असें नाहीं. पण तें प्रेम तिच्या यशाशीं इतकें बिलगलेलें होतें कीं दोन्ही वेगळीं कशीं करावीं हें त्या मुलीला कळेना. प्रत्येक परीक्षेंत तिला विषयाबरोबर आपलें घरांतलें स्थानही पणाला लावावें लागे. अशा मनाला योग्यतेचा दाखला कितीही वेळां दिला तरी पुरत नाहीं, कारण त्याची भूक दाखल्याची नाहींच. चुकणें म्हणजे उघडें पडणें नव्हे. न येणारी गोष्ट विचारणें म्हणजे कबुलीजबाब नव्हे. श्रम हें बुद्धीच्या अभावाचें लक्षण नव्हे, तर बुद्धीचें रोजचें काम आहे. ही गोष्ट जिच्या अंगीं मुरली तिलाच आपलें यश निर्धास्तपणें आपलें म्हणतां येतें. जिला हरण्याची मुभा नाहीं, तिला जिंकल्याचें सुख नाहीं.

असो. मी उपचारक नव्हे, आणि भाचीचें मन बदललें असें सांगण्याचा मला अधिकार नाहीं. ती आतां एका जाणत्या मानसोपचारक बाईंकडे जाते, एवढें मला ठाऊक आहे. मध्यंतरीं एकदां ती आली असतां, तिला ज्यांनीं संशोधनाची दीक्षा दिली त्या वृद्ध अध्यापकांचा विषय निघाला. मीं सहज विचारलें, "तूं त्यांना फसविलेंस, असें त्यांच्या तोंडावर सांगितलेंस तर ते काय म्हणतील?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सर रागावतील. मामा, ते फार रागावतील." आणि तिचे डोळे भरून आले. तेव्हां मींही माझ्या वांट्याची कबुली दिली. त्या दिवशीं दिलेली शाबासकी मीं परत घेतली. आणि पाहुण्यांपुढें जें सांगत असें तें खोटें होतें, तुला अभ्यास करावा लागत होता आणि तूं तो करीत होतीस, हें चाळीस वर्षांनीं का होईना तिला सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. जातांना मात्र नेहमीप्रमाणें "कसलें काय, मामा" असें न म्हणतां तिनें तें वाक्य ऐकून घेतलें.